परळीची राख, पुडीतले धागे आणि गावातला ४८० मीटर रस्ता

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या पठारावरच्या एका गावाचं आहे. गावाचं, गुत्तेदाराचं आणि संबंधित खात्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मी ग्रामपंचायतीच्या सांगण्यावरून तांत्रिक सल्ला देत होतो, म्हणजे बिलावर माझी सही नव्हती. पण खाली ज्या चुका येतील त्यातल्या दोन माझ्या पदरातल्या आहेत.

पार्श्वभूमी

फाट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि तिथून शाळेपर्यंत, असा ४८० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्ता. आधीचा सिमेंट रस्ता तीन पावसाळ्यांत संपला होता. तो फोडायला घेतला तेव्हा कारण कुणाला विचारावं लागलं नाही. जेमतेम १०० मिलिमीटर जाडी, खाली मुरमाचा पत्ता नाही, थेट काळ्या मातीवर टाकलेला माल. जॉइंट नाहीत, नाली नाही. घरांचं सांडपाणी कडेनं वाहत कडेलाच मुरत होतं. आपल्याकडची काळी उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये वावरात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा त्यानं पाहिलेल्या असतात. वर पातळ पापुद्रा टाकून ही माती शांत राहील, अशी अपेक्षाच चूक. त्यात दिवाळीपासून मार्चपर्यंत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर याच रस्त्यानं कारखान्याला जातात.

नवा रस्ता एम३० काँक्रीटचा (म्हणजे अठ्ठावीस दिवसांना ३० मेगापास्कल मजबुतीचा), १८० मिलिमीटर जाडीचा मंजूर झाला. निधी ठरलेला होता आणि तो ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता. कार्यारंभ आदेश हाती पडला फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

राखेची कल्पना सरपंचांची. परळीचं औष्णिक वीज केंद्र गावापासून चाळीसेक किलोमीटरवर. राखेचे टिप्पर रोज डोळ्यांसमोरून जातात आणि धुरळा घराघरांत बसतो. शिवाय केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांच्या कामांत राख वापरणं अपेक्षितच आहे. सरपंचांनी विचारलं, "सर, राख फुकट आहे. त्यात ते धागे टाकतात म्हणं आजकाल. सिमेंट वाचलं तर नालीबी ह्याच पैशात होईल का?"

प्रश्न रास्त होता. मी "बघू" म्हणालो.

अडचण नेमकी कुठे होती

सगळे सिमेंटच्या पैशांकडे बघत होते. मी पाण्याकडे बघायला हवं होतं, आणि ते मी उशिरा बघितलं.

राख, म्हणजे चांगली कोरडी फ्लाय अॅश, सिमेंटसारखी स्वतःहून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून चुना सुटतो. त्या चुन्याशी राखेतली सिलिका सावकाश संयोग पावते आणि उशिराची मजबुती देते. त्यासाठी काँक्रीट ओलं राहायला हवं. साध्या सिमेंटच्या रस्त्याला आपण १४ दिवस पाणी मारतो, राखेच्या रस्त्याला त्याहून जास्त द्यावं. मी २१ दिवस धरले.

आता हिशेब करा. रस्त्याचं क्षेत्रफळ १४४० चौरस मीटर. मार्चच्या उन्हात आणि वाऱ्यात रस्त्यावर पाणी साठवायला केलेल्या उघड्या वाफ्यातून रोज १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर एका चौरस मीटरला रोज १० लिटर. १४ दिवसांचे होतात दोन लाख लिटर, २१ दिवसांचे तीन लाख. माल कालवायला लागणारं पाणी सगळं मिळून जेमतेम ४३-४४ हजार लिटर. म्हणजे रस्ता बनवायला जितकं पाणी लागतं त्याच्या सातपट तो मुरवायला. आणि गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी.

पुढे काम सुरू झाल्यावर एका आजींनी हे मला एका वाक्यात सुनावलं. "आमच्या हंड्याला पाणी न्हाई अन् तुम्ही रस्त्याला पाजायलात व्हय, साहेब?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. ही राखसुद्धा पाण्याशिवाय जन्माला येत नाही. पण ते आजींना सांगून काय उपयोग.

समोर आलेले पर्याय

आधी राखेबद्दल. गुत्तेदारानं सांगितल्या दिवशी एक टिप्पर ओली राख आणून टाकली. ती राखेच्या तळ्यातली होती. भट्टीच्या तळाची जाड राख आणि धुरातली बारीक राख पाण्याबरोबर वाहून तिथे एकत्र साचते. सिमेंटच्या जागी जी राख चालते तिला आयएस ३८१२ च्या पहिल्या भागाची कसोटी आहे: ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये. ही राख चाळली तर निम्म्याहून जास्त वर राहिली. गुत्तेदार म्हणाला, "सर, राख ती राख." नाही. चिमटीत धरली की कळतं. चांगली फ्लाय अॅश बोटांना टाल्कम पावडरसारखी लागते, तळ्यातली राख वाळूसारखी खरखरते. ती परत पाठवली नाही, थराखालच्या भरावात वापरली. कोरडी राख हवी तर बल्कर, म्हणजे बंद टाकीचा ट्रक लागतो आणि तो रिकामा करायला सायलो, म्हणजे उंच साठवण-टाकी. आमची गरज २६ टनांची आणि जागा शाळेच्या भिंतीलगतची. शेवटी परळी रस्त्यावरच्या एका राखेच्या विटांच्या कारखान्यातून कोरडी राख जुन्या गोण्यांत भरून आणायची ठरलं.

जवळच्या साखर कारखान्यानं बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख देऊ केली, वाहतुकीसकट. ती काळी होती. काळी म्हणजे न जळालेला कार्बन, आणि कार्बन पाणीही पितो आणि प्लास्टिसायझरही (कमी पाण्यात माल सैल ठेवणारं रसायन). एका दिवशीची राख करडी, दुसऱ्या दिवशीची कोळशासारखी. भट्टीतला जाळ कमी-जास्त होतो तशी ती बदलते. एवढ्या लहान कामाला रोजची चाचणी परवडणारी नव्हती. हा पर्याय पहिल्याच आठवड्यात सोडला.

धाग्यांचे पर्याय जास्त होते आणि त्यात गंमतही जास्त होती. घायपात बांधावर उगवतेच. पण सिमेंटच्या क्षारात वनस्पतीचा धागा कुजत जातो. त्यावर प्रक्रिया करायची सोय आमच्याकडे नव्हती. दुसरा प्रस्ताव गुत्तेदाराच्या मेहुण्याचा: छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या मशीन शॉपमधला लेथचा चुरा, किलोवर मिळणारा. पोलादी धागा म्हणून तो वाईट नाही, प्रयोगशाळेत चांगले निकाल देतो. पण त्याला कूलंटचं तेल चिकटलेलं असतं, आणि वरच्या थरात आलेला तुकडा गंजून सुईसारखा उभा राहतो. या रस्त्यावरून पोरं अनवाणी शाळेत जातात आणि बैलं चालतात. मी नाही म्हटलं आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तिसरा पर्याय सिमेंटच्याच रिकाम्या गोण्यांचा. पॉलिप्रोपिलीनच्या विणलेल्या पट्ट्या, चाळीसेक मिलिमीटरचे तुकडे करून टाकायच्या. कचराही जाईल, पैसाही लागणार नाही. हा मला मनापासून आवडला होता, म्हणून चाचणीपट्टीत घेतला. चौथा, बाजारातला तयार १२ मिलिमीटरचा बारीक पॉलिप्रोपिलीन धागा, घनमीटरला ९०० ग्रॅम.

गुत्तेदाराचा खरा रस वेगळ्याच पर्यायात होता. "फायबर टाकतोय ना सर, मग जाडी दीडशे करू." याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. घनमीटरला ९०० ग्रॅम बारीक धागा म्हणजे आकारमानाच्या ०.१ टक्का. माल ओला असताना पहिल्या काही तासांत पृष्ठभागावर ज्या केसासारख्या भेगा पडतात त्या तो अडवतो. ट्रॅक्टरचं ओझं पेलायला त्याची मदत नाही म्हटली तरी चालेल. ओझं पेलायचं तर घनमीटरला २५-४० किलो, टोकांना आकडे असलेला पोलादी धागा किंवा जाड सिंथेटिक धागा लागतो, आणि त्याचं डिझाइन वेगळं. जाडी १८० वरून १५० केली तर त्याच चाकाखाली वाकण्याचा ताण साधारण १.४४ पट होतो, कारण तो जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो. सरपंचांना मी हे लाकडाच्या फळीवर उभं राहून दाखवलं. जाडी १८० च राहिली.

चाचणीपट्टी

शाळेच्या आवारात १२ मीटरची पट्टी टाकली, चार-चार मीटरचे तीन तुकडे. पहिल्यात राख, पण धागा नाही, दुसऱ्यात राख आणि तयार धागा, तिसऱ्यात राख आणि गोणीच्या पट्ट्या. सकाळी दहाला माल पडला. दुपारी तीनला पहिल्या तुकड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसायला लागल्या, नखानं चाचपल्या तर लागत होत्या. दुसऱ्या तुकड्यावर एकही नव्हती. तिसऱ्याची गत वेगळीच: पट्ट्या सपाट आणि गुळगुळीत, मालाला धरेनात. मिक्सरमध्ये त्यांचे गोळे झाले आणि मिस्त्रीमामा रंधा फिरवायला लागले की पट्ट्या वर तरंगून यायच्या. मामा म्हणाले, "हे काय, शेवया कालवल्यात जणू." गोण्यांचा विषय तिथेच संपला.

तयार धाग्यालाही लव येतेच. दुसऱ्या दिवशी पोरं बघायला जमली आणि "रस्त्याला केस आलेत" म्हणून हसली. महिन्याभराच्या वर्दळीत ते झिजून जातात. पण गावात सगळ्यांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर "रस्त्यात कचरा कालवला" अशी तक्रार वर जाते.

मिश्रण असं ठरलं: घनमीटरला ३०० किलो ओपीसी ५३ (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) आणि १०० किलो राख, पाणी-बाइंडर प्रमाण ०.४२ (बाइंडर म्हणजे सिमेंट अधिक राख), क्रश सँड, प्लास्टिसायझर. राखेविना हेच काम ३६० किलो सिमेंटमध्ये झालं असतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. राखेचं प्रमाण २५ टक्के, पण सिमेंट वाचलं घनमीटरला ६० किलो, म्हणजे सहावा हिस्सा. राख घातली की एकूण बाइंडर थोडा वाढवावा लागतो. "२५ टक्के राख म्हणजे २५ टक्के सिमेंट वाचलं" हे भाषणात चालतं, मिक्सरपाशी नाही. क्यूबचा, म्हणजे दाबून फोडायच्या नमुन्याच्या ठोकळ्यांचा निकाल सात दिवसांना २३.५, अठ्ठावीस दिवसांना ३९.५ आणि छप्पन्न दिवसांना ४५ मेगापास्कल. राखेविना केलेलं मिश्रण सात दिवसांना २९ वर होतं. सातव्या दिवसाच्या या फरकानं गुत्तेदार घाबरला, त्याची भीती घालवायला पुढचे तीन आठवडे जावे लागले.

अर्थात तेवढे दिवस थांबायला वेळ नव्हता. सात दिवसांच्या निकालावर अंदाज बांधून काम सुरू केलं. पहिला निर्णय जो आज मी तसा घेणार नाही, तो हा.

काम

खाली ३०० मिलिमीटर काळी काढून मुरूम भरला. जुना रस्ता फोडून निघालेले तुकडे बारीक करून, त्यात मुरूम आणि ती तळ्यातली राख मिसळून वर दाबून बसवले. राडारोडा टाकायला गावाबाहेर खड्डा शोधावा लागला नाही, हा खरा फायदा. त्याचा कुणी फोटो काढला नाही.

मिक्सर एका पोत्याचा होता. एका पोत्याला १६.७ किलो राख. घमेल्यानं मोजायला गेलं तर भुसभुशीत आणि दाबलेल्या राखेत फार फरक पडतो, म्हणून आडतीवरून धान्याचा काटा आणला आणि दोन बायका सकाळीच पिशव्या भरून ठेवायच्या. तोंडाला पदर आणि त्यावर मास्क, कारण ही धूळ फुप्फुसात जाते. धाग्याची पुडी १२५ ग्रॅमची, वर छापलेलं "एका पोत्याला एक". पण आमच्या मालात घनमीटरला सहाच पोती होती, मग सहा पुड्यांचे ७५० ग्रॅमच झाले असते. आम्ही १५० ग्रॅम मोजून टाकले. पुडी छापणाऱ्याला राखेचा हिशेब माहीत नसतो.

एक आडवळण. पाण्याचा पहिला टँकर मी परत पाठवला. गळीत हंगामात तो कारखान्याची मळी वाहायचा आणि तोंडाशी अजून गोड वास होता. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही माल घट्ट व्हायला कितीतरी तास उशीर लावते. टँकरवाला रागावला, पण दुसरा धुऊन आणला.

दिवसाला साठ पोती, साडेअठरा मीटर रस्ता. आठ दिवस सुरळीत गेले. नवव्या दिवसानंतरच्या सकाळी मामा बाजूचं चॅनेल (माल अडवायला लावलेली लोखंडी पट्टी) काढायला बसले आणि कोपरा त्यांच्या हातात आला, बर्फीच्या वडीसारखा. "सर, कालचा माल धरला न्हाई." मी रिकाम्या गोण्या मोजायला लावल्या. त्या रोज साठ मोजायच्याच होत्या, पण कालच्या कुणी मोजल्या नव्हत्या, आणि मोजल्या असत्या तरी साठच भरल्या असत्या. वाचल्या तेव्हा कळलं. छत्तीस गोण्या ओपीसीच्या, चोवीस पीपीसीच्या. त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या. बारीक अक्षरांत "फ्लाय अॅश बेस्ड" आणि आयएस १४८९. दुकानदाराकडे ओपीसी संपली होती आणि तालुक्याच्या दुकानात ती फारशी ठेवतही नाहीत. त्यानं "सिमेंट ते सिमेंट" म्हणून दुपारच्या फेरीत पीपीसी पाठवली.

पीपीसीमध्ये आधीच १५ ते ३५ टक्के राख असते. ३० धरली तर पन्नास किलोच्या पोत्यात १५ किलो राख, वर आम्ही टाकलेली १६.७. एकूण ६६.७ किलोत ३१.७, म्हणजे जवळजवळ निम्मी राख. चोवीस पोत्यांचे चार घनमीटर, साडेसात मीटर लांबी, दोन पॅनेल, म्हणजे जॉइंटमधले दोन तुकडे.

आणि त्या दिवसाचे क्यूब? ते पास झाले. मी सकाळी अकराला उभं राहून भरून घेतले होते, पीपीसी आली दुपारी. गुत्तेदारानं तो कागद माझ्यापुढे धरला तेव्हा मला हसू आलं आणि लाजही वाटली.

निर्णयाची जागा: तोडायचं की ठेवायचं

तीन वाटा होत्या. दोन्ही पॅनेल तिसऱ्याच दिवशी फोडून नवं टाकायचं: माल पंचवीसेक हजारांचा, आणि काँक्रीट अजून कच्चं म्हणून फोडायला सोपं. गप्प राहायचं: हे गुत्तेदाराला हवं होतं. किंवा त्यावर महिनाभर पाणी ठेवून, वाहतूक बंद ठेवून, नंतर कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेले गोल नमुने, काढून बघायचं.

मी तिसरी वाट धरली. राखेची मजबुती उशिरा येते हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा मोह होतो. अठ्ठावीस दिवसांच्या कोअरची सरासरी २१.५ आली. आयएस ४५६ प्रमाणे तीन कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के, म्हणजे २५.५ हवी. नव्वद दिवसांनी पुन्हा काढले, २९ आली. मजबुती आली खरी. पण वरचा थर कधीच सुधारला नाही, कारण चाकाशी झुंजतो तो वरचा पाच-सात मिलिमीटरचा थर आणि तोच आधी वाळतो. आज तिथे ट्रॅक्टर वळला की पांढरी भुकटी उडते. पंचवीस हजार वाचवायला मी हे करून बसलो. तिसऱ्या दिवशीच फोडायला हवं होतं.

जॉइंटचा घोटाळा

चार मीटरवर आडवे जॉइंट कापायचे होते, खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, ६० मिलिमीटर. कापण्याची वेळ फार नाजूक असते. लवकर कापलं तर कडा उखडतात, उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मनानं जागा निवडून तडकतं. राखेचा माल सावकाश धरतो, आणि फेब्रुवारीच्या रात्री आपल्याकडे थंड असतात. कटरवाला नेहमीच्या सवयीनं सकाळी सातला आला. पाते लावताच खडे उडायला लागले. खिळ्यानं ओरखडा काढून पाहिला, खडी सुटत होती. "दहा-अकराला कापू" म्हटलं तर तो दुसऱ्या साइटवर गेला आणि आला संध्याकाळी पाचला. दुपारी दोनच्या सुमारास तीन ठिकाणी आरपार भेगा पडल्या होत्या.

धागे होते ना, असं गावात विचारलं गेलं. धागे होते. ते जॉइंटचं काम करत नाहीत. रात्री थंड आणि दुपारी तापलेला साडेअठरा मीटरचा अखंड पट्टा कुठेतरी तुटणारच. दुसऱ्या दिवसापासून मी कटर भाड्यानं साइटवरच ठेवला आणि एका पोराला दर अर्ध्या तासानं खिळा मारून बघायचं काम दिलं. त्यानंतर एकही भेग जॉइंटबाहेर पडली नाही. ही माझी दुसरी चूक, आणि सगळ्यात स्वस्तात टळली असती अशी.

पाण्याचं काय केलं

वाफे करून पाणी भरायचा बेत दोन दिवसांत सोडला. आजींचं वाक्य होतंच, शिवाय काळ्या मातीचे बांध दुपारपर्यंत फुटायचे. त्याऐवजी आडतीवरचा जुना बारदाना भिजवून अंथरला आणि त्यावर ऊस-ठिबकवाल्यांकडून मिळालेलं जाड प्लास्टिक, कडेला दगड. पाणी दिवसातून एकदा, प्लास्टिक उचलून. टँकर निम्म्यावर आले. वाऱ्यानं प्लास्टिक उडायचं, शेळ्या त्यावर नाचायच्या, पण एकवीस दिवस निघाले. फक्त पाराजवळच्या पट्ट्यात यात्रेच्या पालख्यांसाठी बाराव्या दिवशीच रस्ता मोकळा करावा लागला. त्याला मी नाही म्हणू शकलो नसतो.

निष्पत्ती

काम २७ मार्चला आटोपलं. नंतर एक पूर्ण पावसाळा आणि उसाचा एक हंगाम गेला. तीन जुन्या भेगा डांबर भरून बुजवल्या, त्या वाढल्या नाहीत. दोन पॅनेल भुकटी देतात. उरलेला रस्ता चांगला आहे, कडा खचलेल्या नाहीत. त्याचं श्रेय मी राखेला किंवा धाग्याला देणार नाही. ते खालच्या मुरमाला आणि नालीला.

पैशांचा हिशेब सरपंचांना मी असा मांडून दाखवला. वाचलेलं सिमेंट साडेपंधरा टन, ३११ पोती, तेव्हाच्या ३५० च्या भावानं एक लाख नऊ हजार. धागा २३३ किलो, सत्तर हजार. राखेची भराई आणि वाहतूक बावीस हजार. बारदाना, प्लास्टिक आणि वाढीव टँकर वीस हजारांच्या आसपास. कोअर काढायचा खर्च त्यात न धरताही हाती शून्य. सरपंच थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे फुकटची राख फुकट न्हवती." नाली शेवटी वित्त आयोगाच्या दुसऱ्या निधीतून झाली.

मग राख वापरावी का? माझं मत, वापरावी. पण पैसे वाचवायला नाही. खालून येणारं पाणी आणि सांडपाणी यांना राखेचं काँक्रीट कमी झिरपू देतं, आणि साडेपंधरा टन सिमेंट जळायचं-दळायचं वाचलं हेही खरंच आहे. पाणी देता येणार नसेल तर मात्र साधं सिमेंट बरं.

पुन्हा करायचं झालं तर

काम दिवाळीनंतर लगेच काढायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात विहिरींना पाणी असतं, ऊन मवाळ असतं, बारीक धाग्याची गरजही कमी पडते. तो सत्तर हजारांचा धागा मी तेव्हा बहुतेक घेणारच नाही. ते पैसे फाट्यावरच्या वळणाची जाडी वाढवायला जातील, कारण ट्रॉलीचं चाक तिथे कडेवरून फिरतं. मार्चमध्येच करावं लागलं तर धागा हवाच.

पॅनेल चारऐवजी तीन मीटरचं. ओपीसी कामापुरती आधीच साठवून, दुकानदारावर न सोडता. बाजारात ओपीसी मिळणारच नसेल तर सरळ पीपीसी घ्यायची आणि वरून राख अजिबात टाकायची नाही. पीपीसीतून राख वापरली जातेच, आणि ती कारखान्यात मोजून घातलेली असते. लहान ग्रामपंचायतीला खरं तर हीच वाट सोयीची. मी ती सुरुवातीला मांडलीच नाही, कारण सरपंचांच्या डोळ्यांसमोर परळीचे टिप्पर होते आणि माझ्या डोळ्यांसमोर चाचणीचे आलेख. क्यूब भरायची वेळ ठरलेली नसावी. दुपारी चारलाही एखादा संच भरावा.

शेजारच्या गावानं यंदा असाच रस्ता मागितला आहे. त्याच्या अंदाजपत्रकात मी क्युरिंगच्या, म्हणजे रस्ता मुरवायच्या पाण्याची आणि बारदान्याची वेगळी ओळ घातली, लिटर आणि टँकर लिहून. प्रस्ताव वर गेला आहे. ती ओळ राहते की कापली जाते, याची आम्ही वाट बघतोय.